दिसतंय तेवढं बरं आहे

खांबेटे काकांच्या तोंडून एखादी वस्तू 'चांगली आहे' असं मी एकदाच ऐकलं. तेही ऐकायला मिळालं नसतं तर फार बरं झालं असतं.

एरवी त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "दिसतंय तेवढं बरं आहे. बाकीचं उघडल्यावर बोलू." हे ते गाड्यांबद्दल म्हणत, आंब्यांच्या पेटीबद्दल म्हणत, सोसायटीच्या नव्या गच्चीबद्दल म्हणत आणि पुतण्यासाठी आलेल्या स्थळाबद्दलही म्हणत. मुलीकडचे समोर बसलेले असताना म्हणाले होते, त्यामुळे ते स्थळ गेलं. काकू सांगायच्या, "लग्न झाल्यापासून माझ्या आमटीला याच्यापुढे मार्क नाहीत. आमटी आता काय उघडून दाखवू?" काका यावर हसत नसत. त्यांच्या मते आमटी हा तपासणीला सोपा विषय होता, तळापर्यंत डाव घातला की झालं.

कर्वेनगरला आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि तळमजल्यावर माझा दातांचा दवाखाना. लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात तपासनीस म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसतील असं काकूंना वाटलं होतं. पण पुण्यात लिलावातल्या जुन्या लष्करी जीपा बाळगणाऱ्यांची एक जमात आहे. गाडीला हिरवा रंग लावायचा, बाजूला फावडं बांधायचं आणि रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं, असा त्यांचा पराक्रम. यातल्या कुणाची गाडी चढावर दम टाकायला लागली की तो खांबेट्यांकडे यायचा. आमचं पार्किंग रविवारी छावणीसारखं दिसायचं.

काका प्रामुख्याने दोनच गोष्टी बघत, क्लचची प्लेट आणि फ्लायव्हील. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या पाठीला बसवलेलं जाडजूड लोखंडी चाक. इंजिनाबरोबर ते सतत गरगरत असतं आणि क्लचची प्लेट त्याच्यावर दाबून बसते. प्लेट झिजली की तिचे रिव्हेट त्या चाकाला खरवडतात, चाक तापतं, तापून निळं पडतं, त्याच्यावर केसासारख्या रेघा उमटतात. हे सगळं मला काकांनीच समजावलं आणि मला ते पटकन समजलं, कारण झीज हाच माझाही धंदा.

आमची ओळखही तशीच झाली. दाढ दुखतेय म्हणून खुर्चीत बसले होते. मी आरशाच्या मुठीने दाढेवर टकटक केलं तर दुखणं विसरून त्यांनी विचारलं, "हे काय ऐकता?"

"आवाज. निरोगी दात वेगळा वाजतो."

काका ताडकन उठून बसले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच. "अहो डॉक्टर, मग आपण एकाच खात्यातले की!" जाताना त्यांनी माझा एक जुना आरसा मागून नेला, लांब दांड्याचा, रुपयाएवढा. पुढच्या रविवारी बघते तर एका जीपखालून त्यांचे पाय बाहेर आलेले. खालचं पत्र्याचं झाकण काढून, माझा आरसा आत घालून, टॉर्चच्या उजेडात ते फ्लायव्हीलचं तोंड बघत होते. "आ करा" एवढंच म्हणायचं बाकी होतं.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून शर्टाच्या खिशात. मग क्लचचं पेडल हाताने दाबून बघायचं, पायाने नाही, कारण पाय खोटं बोलतो. मग मालकाला वर बसवायचं. "हँडब्रेक ओढा. वरचा गिअर टाका. आता क्लच सोडा." क्लच धड असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं, घसरत असेल तर गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते. आपली गाडी गुरगुरली की मालकांना आनंद व्हायचा आणि बंद पडली की तोंडं उतरायची. काकांचं उलट. गाडी बंद पडलेली बघून खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निकाल लागेपर्यंत चहा घेत नसत. मग साखर आणि खोबरेल तेल चोळून हात धुवायचे, पुसायचे आणि म्हणायचे, दिसतंय तेवढं बरं आहे.

संशय आला तर मात्र गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बाहेर काढायचेच. ते तेल पुसून दोरीने पार्किंगच्या हुकाला टांगायचं आणि छोट्या हातोडीने हळूच वाजवायचं. अखंड असेल तर टण्णकन आवाज येतो आणि बराच वेळ घुमतो. चीर असेल तर थड् असा मेलेला आवाज येतो. त्या वेळी कुणी बोललेलं, खोकलेलं त्यांना चालत नसे. एकदा सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लिहिलं, 'पार्किंगमध्ये घंटा वाजवू नयेत.' काकांनी त्याच्याखाली लिहिलं, 'आवाज येतो आहे याचा आनंद मानावा. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी काळजी करावी.' मग महिनाभर दोघे जिन्यात एकमेकांना 'नमस्कार' एवढंच म्हणत होते, तेही दातओठ खाऊन.

हा सगळा अतिरेक वाटायचा मला. एकदा म्हणालेही, "काका, एवढं काय होणार आहे? झिजलं तर गाडी थांबेल."

ते हातोडी पुसत होते. पुसता पुसताच बोलले. "प्लेट झिजली तर थांबते. फ्लायव्हीलला चीर असेल तर थांबत नाही, फुटतं. वेगात असताना फुटतं. ते ड्रायव्हरच्या पायांच्या समोर बसवलेलं असतं, डॉक्टर. मधे फक्त एक पातळ झाकण आणि पत्रा."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. खंडेनवमीचा दिवस, वर्कशॉपातली सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत मांडलेली. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत उचलायचं नाही हा सगळीकडचा रिवाज. पण एका ट्रकची घाई होती. साहेबांनी पाने पूजेतून उचलायला लावले. ट्रक जोडला, जागेवर उभा करून इंजिन वेगात घेतलं आणि फ्लायव्हील फुटलं. काका शेजारी उभे होते. ड्रायव्हरचा बूट उडून त्यांच्यापुढे पडला. "उचलला," ते म्हणाले, "तर जड लागला."

"योगायोग होता," ते पुढे म्हणाले. "चीर तेलाखाली होती, आम्हाला दिसली नाही. देवाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण खंडेनवमीला मी पाना उचलत नाही. कोणी कितीही सांगितलं तरी नाही." हे सांगणारा माणूस कधी देवळात गेलेला मला माहीत नव्हता. गणपतीची आरतीसुद्धा ते जिन्यात उभे राहून ऐकायचे.

भानुदास शितोळे मांजरीहून यायचा. उसाची शेती होती, त्यातली निम्मी आता इमारतींखाली गेलेली. चाळिशीचा, मोकळ्या गळ्याचा माणूस, बोलायला लागला की आमच्या इमारतीच्या खिडक्या उघडायच्या. त्याची जीप हौसेची नव्हती. त्याचे वडील, आबा, लष्करात ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावर तसलीच जीप त्यांनी लिलावात घेतली होती. दर दसऱ्याला ती झेंडूने मढवायची, आबांनी चालवत शिवेपर्यंत न्यायची आणि सोनं लुटून परत आणायची हा त्या घराचा नेम. यंदा आबांचं हृदय थकलं होतं. पुढचा दसरा दिसेल असं डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं.

पितृपक्षात भानुदास जीप घेऊन आला. पहिल्या गिअरला सुटताना गाडी थरथरते म्हणाला. काका जीपखाली गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आल्यावर आरसा पुसला आणि म्हणाले, "निळे डाग आहेत. रेघाही आहेत. रेघा नुसत्या वरवरच्या असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे तोंड घासून, निघतील. बोल्टच्या भोकापर्यंत गेल्या असतील तर ते चाक भंगारात. उघडल्याशिवाय कळणार नाही."

"काका, गाडी पळतीय की झकास."

"पळतेच आहे. तीच तर काळजी आहे."

"दसऱ्यानंतर उघडू. आता आबांनी ध्यास घेतलाय. उघडली आन् येळेत जोडली न्हाई तर मला घरात ठेवायचे न्हाईत."

त्या दिवशी काका पहिल्यांदा रागावलेले दिसले. दसऱ्याआधी उघडायची नसेल तर दसऱ्याला चालवायचीही नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शेवटी तडजोड झाली. नवीन फ्लायव्हील काका मिळवून ठेवतील आणि नवरात्रातच एक दिवस मांजरीला जाऊन काम उरकतील. पण ते चाक लवकर मिळेना. मिळालं तेव्हा अष्टमी उजाडली होती. भानुदासने संध्याकाळी टेम्पो पाठवून चाक आणि काकांची हत्यारांची पेटी नेली, कारण ते ओझं घेऊन काका बसने कसे जाणार? काका दुसऱ्या दिवशी पहाटेच पोचणार होते, पूजा मांडायच्या आधी गिअरबॉक्स उतरवायला. गाडी सुटी झाली की मग पूजा खुशाल करा, असा त्यांचा हिशेब. तसं त्यांनी भानुदासला बजावलंही होतं.

मीही सोबत निघाले, माझ्या गाडीतून. सुट्टी होती आणि खरं सांगायचं तर त्यांना एकट्याला जाऊ द्यावंसं वाटेना. हडपसरला नेहमीप्रमाणे अडकलो, पण तरी पोचलो तेव्हा ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं.

अंगणात पूजा मांडून झालेली होती.

आबांना रात्रभर झोप नव्हती. पहाटे उठून त्यांनी सुनेला उठवलं, पाट मांडायला लावला. नांगराचा फाळ, विळे, कोयते, भानुदासचे पाने आणि त्यांच्या बरोबरीने, कौतुकाने, खांबेटे काकांची सगळी पेटी. एकेक पाना पुसून, हळदकुंकू लावून, ओळीने मांडलेला. जॅकला झेंडूची माळ. ती छोटी हातोडी तर अगदी मधोमध होती, तिच्यावर अक्षता. भानुदास गोठ्यात होता, तो धावत आला आणि कपाळावर हात मारून उभा राहिला.

आबा खाटेवरून म्हणाले, "या साहेब. तुमची हत्यारं लई देखनी. आमच्यापेक्षा आधी तुमच्याला कुकू लावलं."

काका चपला काढून पाटासमोर उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हात पुढे करून पाना उचलला असता तर त्या घरात कुणी अडवलं नसतं, आबांनीसुद्धा नाही, थोडे खट्टू झाले असते इतकंच. मी हळूच म्हणाले, "काका, उचला. योगायोग होता असं तुम्हीच म्हणाला होता."

त्यांचा हात थोडासा पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पाठीमागे धरला.

"ठेवलंय ते ठेवलंय," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर उघडू."

मला त्यांचा तेव्हा राग आला होता.

दसऱ्याला दुपारी परत गेलो. उत्तरपूजा झाली होती, पण गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवायला एक दुपार पुरत नाही. काकांनी गाडी न्यायची नाही म्हणून सांगून पाहिलं. आबा नवा फेटा बांधून, लष्करातली पदकं लावून खाटेवर बसले होते. भानुदास नुसता काकांकडे बघत राहिला. शेवटी काका म्हणाले, "मी चालवतो. माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. आबा, तुम्ही मागे."

"ड्रायव्हर मागं बसत नसतो," आबा म्हणाले.

"आज बसतो," काका म्हणाले, आणि बसवलं.

ते गेले कसे, ते मी मागून माझ्या गाडीतून पाहिलं. इंजिनाचा वेग त्यांनी एकदाही वाढू दिला नाही. माणसं चालत पुढे जात होती, पोरं जीपला हात लावून पळत होती. ऊस दोन्ही बाजूंनी उभा होता आणि पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे. आबा मागच्या बाकावर ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत होते. काकांची मान मात्र सगळा वेळ किंचित खाली झुकलेली होती, पायांकडे कान लावल्यासारखी. झेंडूच्या माळा, हलगी, सगळ्यांची हसरी तोंडं, आणि मला त्या पत्र्याखेरीज काही दिसत नव्हतं.

काही झालं नाही. शिवेवर जाऊन, आपट्याची पानं वाटून जीप अंगणात परत आली. काका उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. भानुदासने त्यांना मिठी मारली. "काका, उगा घाबरवत हुता की राव!"

आबांनी काकांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि हात सोडलाच नाही. डोळे भरून आले होते. "साहेब, आता सांगा. तुमच्याइतकं कुनाला कळत न्हाई. माझी गाडी कशी हाय?"

मला वाटलं, आता तेच वाक्य. पण काकांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चांगली आहे, आबा."

आबा हसले. त्या समाधानाचं चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आणि त्यांच्या खांद्यामागे भानुदास उभा होता, तोही हसला.

निघताना काकांनी त्याला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी येतो. गिअरबॉक्स उतरवू. तोपर्यंत किल्ली लावायची नाही." तो म्हणाला, "व्हय काका."

दुसऱ्या दिवशी काका खाली पार्किंगमध्ये जुने कपडे घालून तयार उभे होते. मी दवाखाना उघडत होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "कुठला पाय?" एवढंच विचारलं, आणि खाली पायरीवर बसले.

भानुदास सकाळीच बहिणीला सोनं द्यायला लोणी काळभोरला निघाला होता. सोलापूर रस्ता मोकळा मिळाला आणि त्याने जीप दामटली. डावा पाय गेला, घोट्याच्या वर. जीव वाचला तो मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यामुळे.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर तो काकांचीच समजूत घालत होता. ते ऐकवत नव्हतं. "तुमचा काय दोष न्हाई काका. तुम्ही किल्ली लावू नको म्हनला हुता. पर आबांना चांगली हाय म्हनला ना, मी म्हनलं, खांबेटे काका म्हनले म्हंजे बघायलाच नको."

जीप ओढून मांजरीला आणली होती, तिथे जाऊन काकांनी फुटलेले तुकडे गोळा करून आणले आणि आमच्या पार्किंगमध्ये कागदावर जुळवले. मला बोलावलं. तुटलेल्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, "हा चकाकता भाग कालचा. हा काळा बघा, यात तेल मुरलंय. हे कधीचंच तुटलेलं होतं. भोकापासून भोकापर्यंत." मग थोड्या वेळाने, "एकदा वाजवलं असतं तरी कळलं असतं."

आबा दिवाळीनंतर गेले. भानुदास पडला, पाय मोडला, जीप रंगवायला दिलीय, असं त्यांना सांगितलं होतं. आपली गाडी चांगली आहे असं समजतच ते गेले. त्या एका शब्दाने एवढं काम तरी केलं, असं मी काकांना एकदा म्हणाले.

रविवारी येणाऱ्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवायला सुरुवात केली. पार्किंगमधला हुक रिकामा राहिला. सेक्रेटरी एकदा माझ्याकडे येऊन चाचरत म्हणाले, "खांबेट्यांना सांगा, वाजवलंत तरी चालेल." मी सांगितलं. ते नुसते मान हलवून वर गेले.

परवा ते दवाखान्यात आले, माझा आरसा परत करायला. साबणाने धुऊन, स्वच्छ रुमालात गुंडाळलेला. आलाच आहात तर दात बघते म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्याच दाढेवर आरशाच्या मुठीने टकटक केलं. आवाज स्वच्छ होता. त्यांना थोडं बरं वाटावं म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "चांगली आहे, काका."

त्यांनी वरच्या दिव्यात डोळे मिटले.

"उघडून पाहिलंत?" त्यांनी विचारलं.